मोडीतली भांडी दिवाणखान्यात

एखादी गोष्ट कायमची निकालात निघाली की ती ‘मोडीत निघाली’ असे मराठीत म्हणतात. हा वाक्प्रचार भांड्यांच्या बाजारातला आहे. फुटके, चेपलेले किंवा नुसतेच जुने झालेले तांब्यापितळेचे भांडे कासाराच्या दुकानी न्यावयाचे. त्याने ते काट्यावर घालावयाचे. डाख, माती, लोखंडी कडी यांची घट धरून उरलेल्या धातूचे पैसे द्यावयाचे, अथवा वर काही रक्कम घेऊन नवे भांडे द्यावयाचे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अशा जुन्या धातूला ‘मोड’ म्हणतात. मोडीच्या काट्याला भांड्याचा घाट दिसत नाही, त्यावर पडलेले ठोके दिसत नाहीत आणि त्याच्या गळ्यावर कोरलेले नावही वाचता येत नाही. त्याला कळते ते फक्त वजन.

गेल्या काही वर्षांत मात्र या काट्याची वाट चुकवून काही भांडी निराळ्याच ठिकाणी जाऊ लागली आहेत. माळ्यावर पडलेले घंगाळ घासूनपुसून दिवाणखान्यात येते आणि त्यातील पाण्यावर शेवंतीची फुले तरंगू लागतात. पाणी तापविण्याचा बंब वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात मानाने उभा राहतो. धान्य मोजण्याचे मापटे टेबलावर लेखण्या सांभाळते, तर लग्नकार्यात कणीक तिंबण्याच्या कामी येणारी भली मोठी परात भिंतीवर चढते. शहरातील घरे, उपाहारगृहे, कार्यालयांचे स्वागतकक्ष अशा सर्व ठिकाणी हे दृश्य आता परिचयाचे झाले आहे. याकडे केवळ हौस म्हणून पाहणे पुरेसे नाही. या हौसेमुळे भट्टीत गेली असती अशी कितीतरी भांडी वाचतात, ही गोष्ट खरी. पण शोभेच्या नावाखाली त्याच भांड्यांना भोके पाडली जातात, यंत्रावर घासून ती गुळगुळीत केली जातात आणि त्यांत जे जपण्यासारखे असते नेमके तेच नाहीसे होते, हेही तितकेच खरे. हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण येथे अशी भांडी घरोघरी आहेत आणि ती घडविणारे हातही येथलेच होते.

नाशिकचे तांबटकाम

नाशिकच्या जुन्या गावठाणात, रामकुंडापासून फार दूर नाही, अशा ठिकाणी भांडी बाजार आहे. जवळच सराफ बाजार आहे. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कितव्या भागापर्यंत पाणी चढले हे नाशिककर प्रथम पाहतात आणि त्यानंतरची बातमी असते ती भांडी बाजारात पाणी शिरल्याची. ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ च्या पुरांत याचा अनुभव पुन्हा आला. शहरातील ‘तांबट लेन’ हे नाव येथील दुसऱ्या वस्तीची आठवण देते. तांबटाने पत्र्यापासून भांडे घडवावयाचे, ओताऱ्याने घंटा, समई यांसारखी ओतीव कामे करावयाची आणि कासाराने माल विकावयाचा, अशी या धंद्याची ढोबळ विभागणी होती. मुंबई सरकारने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गॅझेटियरच्या नाशिक खंडात या उद्योगाची दखल घेतलेली आहे. त्र्यंबकेश्वर व पंचवटी येथे येणारा यात्रेकरू गोदेचे पाणी भरून नेण्यासाठी लहानसा गडवा तरी घेतोच. त्यामुळे या बाजाराला गिऱ्हाइकांची वाण कधी पडली नाही.

हाताने घडविलेला हंडा कसा तयार होतो, हे थोडे तपशिलाने पाहिले म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. प्रथम पत्र्याच्या गोल चकत्या कापतात. चकती भट्टीत लाल होईपर्यंत तापवून थंड केली की तांबे नरम पडते. मग ती लोखंडी खुंटावर धरून मोगरीने व हातोडीने ठोकत खोलगट करीत जातात. ठोकता ठोकता तांबे पुन्हा कठीण होते आणि तसेच ठोकत राहिले तर त्याला तडा जातो. म्हणून ते पुन्हा तापवावयाचे, पुन्हा ठोकावयाचे, असे फेरे होतात. हंड्याचा खालचा व वरचा भाग असे निरनिराळे घडवून त्यांच्या काठांना दाते पाडतात, ते एकमेकांत गुंतवितात, सांध्यावर डाख वितळवून जोड पक्का करतात आणि तो ठोकून सपाट करतात. जुना हंडा उजेडात फिरवून पाहिला तर पोटावर नागमोडी, किंचित फिकट रेघ दिसते, ती या जोडाची.

शेवटचे काम मठारण्याचे. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने भांड्याच्या सर्वांगावर एकमेकांना लागून, ओळीने, सारख्या जोराचे ठोके देतात. त्यामुळे भांडे हिऱ्याच्या पैलूंप्रमाणे चमकते आणि पाहणाऱ्यास ही नक्षी वाटते. वस्तुतः मठारणे हे मुख्यतः भांड्याच्या बळकटीसाठी असते. अखेरच्या तापणीत नरम झालेले तांबे या ठोक्यांनी कठीण होते व पातळ पत्र्याचा हंडासुद्धा पाण्याने भरून डोक्यावर घेतला तरी चेपत नाही. म्हणजे सौंदर्य आणि उपयोग यांत येथे फरकच केलेला नाही. असे ठोके एका रेषेत पडावेत म्हणून तांबट वर्षानुवर्षे हात बसवीत असतो.

स्वयंपाकघरातून माळ्यावर

ही भांडी घरातून कोणी हाकलली नाहीत. त्यांचे काम एकेक करून दुसऱ्यांनी घेतले. नळ आले आणि हंडा-कळशीचे काम संपले. विजेवर व गॅसवर पाणी तापू लागले आणि बंब थंड पडला. अॅल्युमिनियम तर आधीच आले होते. १९६० नंतर गंजरहित पोलाद, म्हणजे घरोघरी ज्याला नुसते ‘स्टील’ म्हणतात ते, वाढत गेले आणि पितळेच्या पातेल्यावरील मोठा त्रास नाहीसा झाला. तो त्रास होता कल्हईचा. पितळेत ताक, आमटी यांसारखा आंबट पदार्थ राहिला की कळकतो. म्हणून आतून कथलाचा मुलामा द्यावा लागतो. कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळते. भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने ते आत फिरविणारा कल्हईवाला दारोदार येत असे. स्टीलच्या भांड्याने त्याचेही काम घेतले. धान्याच्या मापांचे असेच झाले. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे ही मापे व्यवहारातून बाद झाली. खेडोपाडी अजूनही पायलीचा हिशेब ऐकू येतो, ती गोष्ट वेगळी. वजनमापांच्या निरीक्षकांसमोर तो कोणी करीत नाही.

टाकाऊ वस्तूला दुसरे आयुष्य देण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. जुनेराची गोधडी होते, गोधडी विरली की तिचे पायपुसणे होते. फुटक्या बांगड्यांची तोरणे आणि करवंट्यांच्या बाहुल्या रुखवतात मांडल्या जात. मात्र या रीतीत एक तारतम्य होते: ज्यात मौल्यवान धातू आहे ते मोडीत जाई, ज्यात नाही त्याचेच दुसरे काही तरी होई. नाशिक जिल्ह्यातीलच येवल्याची पैठणी हे याचे उत्तम उदाहरण. पैठणी जीर्ण झाली की ती जाळून जरीतील सोने-चांदी काढून घेण्याची चाल होती. पदरावरील मोर आणि आसावली यांसह सारे विणकाम राखेत जाई. आज तोच पदर चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. भांड्यांच्या बाबतीत घडत आहे ते हेच. जे पूर्वी वजनावर मोजले जाई ते आता पाहण्याजोगे मानले जाऊ लागले आहे.

कोणते ठेवावे, कोणते मोडीत द्यावे

सर्वच भांडी जपली पाहिजेत असा आग्रह धरणे व्यवहार्य नाही आणि योग्यही नाही. तांबे कितीही वेळा वितळविले तरी त्याचे तांबेपण कमी होत नाही. १०८५ अंशांना ते वितळते व पुन्हा नवा पत्रा होतो. मोडीचा धंदा हा धातू वाया न घालविणारा, शहाणपणाचा धंदा आहे. त्यावर कारागिरांची पोटे चालत आली आहेत. पितळेचे थोडे निराळे. त्यातील जस्त ९०७ अंशांना उकळू लागते व दरेक वितळणीत त्याचा काही अंश वाफ होऊन जातो, म्हणून पितळेत नवे जस्त मिसळावे लागते. यंत्रावर दाबून काढलेली, पातळ पत्र्याची, तळाला भोक पडलेली पातेली मोडीत गेली तर हळहळण्याचे कारण नाही.

परंतु काही वस्तू काट्यावर ठेवण्यापूर्वी दोनदा विचार व्हावा. हाताने मठारलेली व दातेरी जोडाची भांडी, ओतीव समया, लामणदिवे, अडकित्ते, घंटा, प्रवासात पाणी नेण्याचा फिरकीचा तांब्या, पानपुडा, पितळी सोऱ्या अशी आता घडविली न जाणारी उपकरणे, धान्याची मापे, आणि सर्वांत आधी, नाव घातलेले कोणतेही भांडे.

भांड्यावर नाव घालण्याची पद्धत घरोघरी आहे. टोकदार छिन्नीने ठिपक्याठिपक्यांची अक्षरे उठवितात. लग्नकार्यात भांडी एकमेकांकडे जातात व परत येतात, तेव्हा आपली ओळखता यावीत हा त्यामागील मूळ हेतू. पण आहेराच्या भांड्यावर त्याहून अधिक मजकूर असतो: देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, नाते, गाव, प्रसंग, तारीख. वास्तुशांत, मुंज, लग्न, क्वचित एखाद्याच्या स्मरणार्थ मंदिराला दिलेला हंडा. एका कुटुंबाची शंभर वर्षांची भांडी ओळीने मांडली तर सोयरिकी कोणत्या गावांशी झाल्या, घर केव्हा बांधले, सुबत्तेची वर्षे कोणती, हे सारे त्यांवरून वाचता येते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आधीच्या पिढ्यांतील बहुतेक स्त्रियांचे नाव जमिनीच्या उताऱ्यावर नसे, शाळेच्या पटावर नसे. लग्नानंतर माहेरचे नावही बदलले जाई. अशा स्त्रीचे माहेरचे नाव कोठे लिहिलेले सापडले तर ते तिच्याबरोबर आलेल्या कळशीच्या गळ्यावर. ती कळशी मोडीत गेली म्हणजे ती नोंदही गेली, आणि तिची दुसरी प्रत कोठेही नसते.

घरगुती वस्तूंकडे या दृष्टीने पाहणारे एक नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करण्यास प्रारंभ केला. दिवे, अडकित्ते, भांडी, दौती, दारे, खिडक्या अशा, राजवाड्यांपेक्षा सामान्य घरांत वापरल्या जाणाऱ्या वस्तूंवर त्यांचा भर होता. अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलाच्या नावे, राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून, त्यांनी हा संग्रह उभा केला व १९७५ मध्ये तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. लोकांच्या अडगळीत जे पडले होते तेच तेथे पाहण्यास देशविदेशांतून माणसे येतात. भांडी घडविण्याच्या कलेलाही अशी मान्यता मिळाली आहे; पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांच्या तांब्यापितळेच्या कामाचा समावेश २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतही मठारकामाचा उपयोग आता दिवे, कुंड्या, तबके अशा शोभेच्या वस्तूंसाठी होऊ लागला आहे.

रूप बदलताना

भांडे दिवाणखान्यात आणावयाचे तर त्याचे काय करावे, यापेक्षा काय करू नये हे आधी पाहणे श्रेयस्कर. पहिला नियम असा की, उद्या ते पुन्हा भांडे म्हणून वापरता आले पाहिजे. भोक पाडणे, कडी कापणे, तळ काढणे, रंग देणे या गोष्टी परत फिरविता येत नाहीत. घंगाळात फुले ठेवावयास त्याला काहीच करावे लागत नाही. परात भिंतीवर लावण्यासाठी तिला भोक पाडण्याची गरज नाही. काठाला तीन ठिकाणी धरणारी आकड्यांची चौकट लोहार सहज करून देतो. तिवईवर उपडी न घालता उताणी ठेवली तर तीच परात बैठकीचे टेबल होते.

कुंडी म्हणून उपयोग करताना विशेष दक्षता घ्यावी लागते. ओल्या मातीच्या सान्निध्यात तांबे व पितळ गंजते, त्याचे क्षार मातीत उतरतात आणि ते झाडाच्या मुळांना मानवत नाहीत. याहून गंभीर बाब खताची. युरिया किंवा शेणखत यांतून अमोनिया सुटतो आणि ठोकून कठीण केलेल्या पितळेचा अमोनिया हा शत्रू आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेला याचा विचित्र अनुभव आला होता. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठविलेल्या काडतुसांची पितळी टोपणे आपोआप तडकत. पितळ घडविताना त्यात राहून गेलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया यांच्या संयोगाने हे घडते, हे १९२१ च्या सुमारास संशोधनाने स्पष्ट झाले. हंड्यात थेट माती भरून वर खत घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आत मातीची किंवा प्लॅस्टिकची वेगळी कुंडी ठेवावी, तिच्याखाली पाणी साचू देऊ नये, म्हणजे झाड व हंडा दोन्ही सुखात राहतात.

हंड्याचा किंवा बंबाचा विजेचा दिवा करण्याची आवड वाढत आहे. धातूचे संपूर्ण भांडे विजेचे वाहक असते, हे अशा वेळी विसरले जाते. तार कोठे घासली, उघडी पडली तर साऱ्या भांड्यात वीज उतरते. अशा दिव्यास तीन पिनांची जोडणी व भांड्याला अर्थिंग असलेच पाहिजे, तार काठावर घासू नये म्हणून रबरी कडे बसविले पाहिजे आणि हे काम जाणकार वायरमनकडूनच करवून घेतले पाहिजे. घरात लहान मुले असतील तर यात तडजोड करू नये.

स्वच्छतेच्या बाबतीत घरातील वृद्धांची पद्धत आजही सर्वांत चांगली आहे. चिंच, मीठ व राख. चिंचेतील आम्ल तांब्यावरील काळा थर विरघळविते, मीठ त्यास मदत करते, राख बारीक घासणीचे काम करते. त्यानंतर भांडे भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे पुसावे, नाही तर तासाभरात डाग उठतात. बाजारात मिळणारे तीव्र आम्ल मात्र पितळेवर वापरू नये. त्याने पितळेतील जस्त आधी निघून जाते आणि पिवळ्या भांड्यावर तांबूस, निस्तेज चट्टे राहतात. चकाकी टिकावी म्हणून पारदर्शक रोगण लावले तर ते भांडे पुढे चिंचेने घासता येत नाही आणि त्यात खाण्याचा पदार्थ ठेवता येत नाही. विजेच्या चाकावर पॉलिश करून देणारी दुकाने गावोगाव झाली आहेत. दुकानदाराचा दोष नाही, गिऱ्हाइकाला आरशासारखी चकाकी हवी असते. पण त्या चाकाखाली प्रथम झिजतात ती मठाराच्या ठोक्यांची टोके आणि दुसऱ्यांदा झिजतात ती नावाची अक्षरे. शंभर वर्षे हाताने घासूनही जे राहिले ते पाच मिनिटांत जाते. चेपलेले भांडे असेल तर ते पॉलिशवाल्याकडे नेण्यापूर्वी तांबटाकडे न्यावे. चेप काढणे, सुटलेला जोड पुन्हा भरणे, पुन्हा मठारणे ही कामे त्याला येतात, आणि नवी भांडी घडविण्याचे काम कमी होत चालले असता दुरुस्तीचे काम हे त्याला मिळू शकणारे खरेखुरे उत्पन्न आहे. जुन्याची नक्कल करून नवा माल मुद्दाम काळपट करून विकला जातो अशा या दिवसांत खऱ्या जुन्या भांड्याला खरा कारागीर मिळावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

ग्रामपंचायत आणि शाळा

आतापर्यंतचा विचार घरातील भांड्यांचा झाला. गावात सामाईक भांडीही असतात. लग्नकार्य, सप्ताह, भंडारा यांसाठी गावकीने वर्गणी करून घेतलेली मोठी पातेली, हंडे, पराती, झारे पूर्वी गावोगाव असत. काही ठिकाणी ती देवस्थानाकडे, काही ठिकाणी ग्रामपंचायतीकडे किंवा तरुण मंडळाकडे असत. मंगल कार्यालये व आचारी आपले सामान घेऊन येऊ लागल्यापासून ही भांडी खोलीत कुलूपबंद पडून आहेत. एके दिवशी जडवस्तूंच्या नोंदवहीची तपासणी होते, निर्लेखनाचा प्रस्ताव येतो आणि लिलावाच्या यादीत सहसा ‘जुने हंडे’, नग व वजन एवढीच नोंद होते. निर्लेखन नियमाप्रमाणे व्हावे, यात शंका नाही. त्याआधी प्रत्येक भांड्याचे छायाचित्र घेऊन, त्यावरील मजकूर, देणगीदाराचे नाव व साल उतरवून ठेवण्यास ग्रामसेवकाचा एक दिवस लागेल, खर्च जवळजवळ काहीच नाही. त्यातील दोन-चार भांडी सभागृहात मांडली तर बाजारातून प्लॅस्टिकच्या फुलदाण्या आणण्याचीही आवश्यकता राहत नाही. देणगीदाराचे वंशज गावात असतील तर त्यांना आधी विचारावे, हे सांगावयास नकोच.

दोन कायदे पंचायत सदस्यांना ठाऊक असावेत. पुराणवस्तू व कलासंपत्तीविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, गतकालीन कला, कारागिरी किंवा चालीरीतींची साक्ष देणारी शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुराणवस्तूच्या व्याख्येत येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठविता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाकडे आजीची समई पाठविणाऱ्या घराने ती किती जुनी आहे याची खात्री पुरातत्त्व खात्याकडून करून घेणे बरे. दुसरा कायदा १८७८ चा, भूमिगत धनाविषयीचा. जुना वाडा पाडताना, पाया खणताना जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली आणि तिचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. नाशिकच्या जुन्या पेठांतील वाडे पडत असता आणि जुन्या गावांत नवी घरे उठत असता ही माहिती उपयोगी पडण्यासारखी आहे.

शाळांना यात करता येण्याजोगे काम थोडे आहे, पण नेमके आहे. भांड्यावरील नाव उतरविण्यास छायाचित्रणाची साधने लागतातच असे नाही. पातळ कागद अक्षरांवर घट्ट धरून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासली की ठिपक्यांच्या जागा पांढऱ्या राहतात आणि पुसट झाल्यामुळे डोळ्यांना न दिसणारा मजकूरही कागदावर उठतो. सातवीतील मूल हे सहज करू शकते. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील एका भांड्याचा असा ठसा आणावा, त्याखाली ते कोणाचे, कोठून आले, हे घरच्या मोठ्यांना विचारून लिहावे. गावाच्या शंभर वर्षांच्या सोयरिकींचा नकाशा एका भिंतीवर मावेल.

मापांचेही तसेच. एखाद्या घरी पायलीपासून चिपट्यापर्यंतचा संच शिल्लक असेल तर तो शाळेने मागून घ्यावा व वर्गाच्या फळीवर चढत्या क्रमाने मांडावा. शोभेसाठी त्याला दुसरे काही करावे लागत नाही. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. म्हणजे पायलीत चिपटी किती, हा प्रश्न फळ्यावर लिहून मुलांना वाळू आणि ती मापे द्यावीत. मोजून सोळा होतात.